बघणारं कोणी नव्हतं

दिवे : पूर्ण

मॅडम म्हणाल्या, "उद्घाटनानंतर काढायच्या पुस्तिकेत दोन पानं तुझी. नवा कार्यक्रम कसा तयार झाला ते लिही. पण जसं घडेल तसं लिही, मागाहून आठवून नको. आठवून लिहायला बसलं की सगळेच शहाणे होतात."

मॅडम आमच्या तारांगणाच्या संचालिका, त्यामुळे लिहितो आहे.

मी इथला ऑपरेटर. लोक घुमटाखाली खुर्च्या मागे रेलून माना वर करतात, तेव्हा शेवटच्या रांगेमागे काचेच्या केबिनमध्ये बसून बटणं दाबतो तो मी. सूर्य मावळवणं, चंद्र उगवणं, ग्रहण लावणं, सोडवणं. आई शेजारणीला सांगते, "आमच्या धाकट्याच्या हातात चंद्र-सूर्य आहेत." त्यावर ताई म्हणते, "हो, आणि स्वतःच्या खोलीतला बल्ब बदलायला महिना लागतो."

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तारांगणाचा आवाज तिचाच. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आली. या वेळी पहिल्यांदा लिहिलंयही तिनेच, आणि विषयही हट्टाने मागून घेतला : विश्वातले सगळ्यात पहिले तारे. मॅडमनी गोडीत पण स्पष्ट सांगितलंय की हा कार्यक्रम चालला तर पुढचेही तुझे, पडला तर आपलं वाचन बरं. त्यामुळे सध्या आमच्या घरात जेवताना पहिले तारे, भांडी घासताना पहिले तारे, इस्त्री करतानाही तेच.

"विचार कर आई," ताई हातातला घास तसाच ठेवून सांगत होती. "विश्व सुरू झालं, सुरुवातीची धग निवली, आणि मग नुसता अंधार. कोट्यवधी वर्षं. हायड्रोजन, थोडा हेलियम, बस. दगड नाही, पाणी नाही, धूळसुद्धा नाही."

"केर काढायची कटकट नाही," आई म्हणाली.

"आणि मग एके ठिकाणी तो वायू स्वतःच्याच वजनाने गोळा होत होत पेटतो. आपल्या सूर्याच्या कितीतरी पट मोठा. त्याच्या आधी कुठेच दिवा नव्हता गं, कुठेच."

"मग आहे का अजून?"

"छे. मोठ्यांचा खर्चही मोठा. भराभर जळले आणि फुटले. त्यांच्या पोटात जे शिजलं होतं ते सगळीकडे उडालं, त्यातून पुढचे तारे झाले, त्यातून पृथ्वी, त्यातून तुझ्या रक्तातलं लोखंड."

"माझ्या रक्तात ते कमीच आहे म्हणतात डॉक्टर."

ताई हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. पहिल्या ताऱ्यांपैकी एकही आजवर कोणाला दिसलेला नाही. राख सापडते, चूल सापडत नाही. हे सांगताना तिचे डोळे असे चमकतात की आपणही घास हातात घेऊन थांबतो. तिच्या संहितेतलं जे वाक्य तिला सगळ्यात आवडतं, ते तिने त्या दिवशी आम्हाला म्हणून दाखवलं :

पहिला तारा पेटला, तेव्हा त्याला बघणारं कोणीही नव्हतं.

आईने ताईच्या वाटीत आमटी वाढली. मग म्हणाली, "बिचारा."

दिवे : अर्धे

ताईला खरा अंधार हवा होता. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तारांगणात खरा अंधार कधीच नसतो. दारांवरच्या हिरव्या पाट्या असतात, पायऱ्यांच्या कडेचे बारके दिवे असतात, प्रोजेक्टरच्या पोटातला उजेड असतो. ताईचं म्हणणं, पहिला तारा पेटण्याआधी एक कप चहा पिऊन होईल इतका वेळ हॉलमध्ये ठार अंधार हवा. लोकांचे डोळे त्या अंधाराला सरावले पाहिजेत. अंधाराचा कंटाळा आला पाहिजे. त्याशिवाय तारा पेटल्याचा आनंद व्हायचा नाही.

मॅडमनी परवानगी दिली. वायरमनला बोलावलं. हा आमचा जुना माणूस. इथली एकूणएक तार त्याने ओढलेली, आणि तोंडाचा फटकळ.

"काळी टेप आणि काळं कापड," तो म्हणाला. "जगात या दोन गोष्टींनी झाकलं जात नाही असं काही नाही. साहेब लोकांच्या चुकासुद्धा झाकल्यात मी."

त्याने पाट्यांवर सरकती झाकणं बसवली, पायऱ्यांचे दिवे वेगळ्या बटणावर घेतले. टेप कापताना तो पट्टी लावून कापायचा. मी दातांनी तोडतो, म्हणून मला हसायचा.

एकच दिवा राहिला, माझ्या केबिनमधला. तांबडा, अंगठ्याएवढा. तो नसेल तर मला बटणं दिसत नाहीत. त्यामुळे हॉलमधला अंधार मी कधी पाहिलेलाच नाही. माझे डोळे त्याला सरावतच नाहीत. काचेतून बघितलं की मला माझा तांबडा दिवा दिसतो आणि त्यामागे माझं नाक.

पहिली चाचणी आज सकाळी झाली. वायरमन हॉलमध्ये मधल्या रांगेत, ताई माझ्याजवळ केबिनमध्ये कागद धरून. मी एकेक दिवा उतरवत नेला. शेवटी काहीच राहिलं नाही.

थोड्या वेळाने हॉलमधून आवाज आला, "भाडेकरू आलाय."

हा आमचा शब्द. आमचा घुमट म्हणजे बारीक भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. मागे लावलेल्या स्पीकरचा आवाज त्या भोकांतून येतो. पत्र्यामागे माणूस जाईल एवढी वाट आहे. तिथे कुठे उजेड गळला की घुमटावर खोटा तारा दिसतो. न विचारता राहायला येतो म्हणून भाडेकरू.

"कुठे आहे?"

"डोक्यावर. जरासा डावीकडे."

दिवे लावले. मी टेप घेऊन पत्र्यामागे चढलो. खालून वायरमन सांगत गेला, पुढे, आणखी पुढे, हा, तिथे. मी सगळं लिंपून टाकलं. खाली आलो, पुन्हा अंधार केला.

"आहे," तो म्हणाला.

पुन्हा चढलो. या वेळी कापडाचा अख्खा तुकडा लावला, वर टेप.

"आहे. उलट आता छान दिसतोय."

माझ्या आधी ताईच्या डोक्यात आलं. ती माईकवर म्हणाली, "जागेवरून उठा आणि चालून बघा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

अंधारात त्याच्या चपलांचा आवाज आला. सावकाश, खुर्च्या चाचपडत. एका टोकाला थांबला. परत आला.

"माझ्याबरोबर चालतोय," तो म्हणाला.

ज्याला यातलं माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्या घुमटावरचा तारा असा चालत नाही. त्याच्या खालून पुढे गेलात की तो मागे राहतो, छतावरच्या पंख्यासारखा. फार फार लांबची वस्तू असेल तरच ती आपल्याबरोबर चालते. चंद्र चालतो तशी.

पत्रा, त्यावर टेप, कापड, वर स्लॅब, आणि बाहेर भर सकाळचं ऊन.

ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "शेंडेफळा," ती कुजबुजली, "हे काय आहे?" घाबरून नाही हं. लहानपणी बंद खोक्यात काय आहे ते ओळखायच्या वेळी विचारायची तसं.

"मी येते तिकडे," ती माईकवर म्हणाली.

"थांबा," वायरमन म्हणाला. आवाजातली चेष्टा गेली होती. "जरा कोणी येऊ नका. मला नीट बघू द्या, हा"

मी दिवे लावले.

दिवे : पायऱ्यांपुरते

वरचं आत्ता वाचून काढलं. जमलंय, पण मॅडम पहिल्यांदा हेच विचारतील की हा वायरमन कोण. आमच्याकडे वायरमन नाही, कधीच नव्हता. विजेची कामं बाहेरची कंपनी करते. लिहिण्याच्या भरात घातलं असणार मी.

ताईला दाखवलं. "माणूस झकास उतरलाय," ती म्हणाली. "राहू दे. फटकळ आहे, मला आवडला."

"पण मग पाट्यांवरची झाकणं कोणी बसवली?"

"तूच नाही का?"

मी जाऊन बघून आलो. टेपच्या कडा सरळ कापलेल्या आहेत, पट्टी लावल्यासारख्या.

"आणि चालून कोणी बघितलं?" मी विचारलं. "तारा बरोबर चालतो हे?"

"तू."

"मी केबिनमध्ये होतो."

"मग मी."

"तू माझा दंड धरून उभी होतीस. हे बघ, अजून वण आहेत."

ताईने वण बघितले. आम्ही दोघं हसलो. मग तिने माझी बाही खाली ओढली आणि बटण लावून दिलं.

पण खरं सांगू, तो विषय तिथेच संपला, कारण दुसऱ्या विषयापुढे त्याला काही किंमत नव्हती. हॉलमध्ये तारा दिसतो. न लावलेला. जो बघेल त्याच्याबरोबर चालणारा. ताईला काल झोप लागली नाही. सकाळी दात घासता घासता येऊन म्हणाली, "समजा एक ठिणगी राहिली असेल. इतक्या अंधाराची वाट बघत. पण इतका अंधार आता जगात कुठे आहे? आणि आपण तो करून ठेवलाय." तोंडात फेस असल्यामुळे हे सगळं मला दोनदा विचारावं लागलं.

मी म्हटलं, "आज मी हॉलमध्ये बसतो. तू बटणं दाब."

"तू? तुला गच्चीवरून चंद्र बोट धरून दाखवावा लागतो. गप बटणं दाब."

"ताई, नको जाऊस एकटी."

"एकटी कुठे? तू आहेस की काचेमागे."

दिवे : बंद

हे आत्ताच, समोर चालू असताना लिहितो आहे. तांबड्या दिव्यात अक्षर वाकडं येतंय.

ताई मधल्या रांगेत आहे. मला दिसत नाही. ऐकू येते. मी माईक चालू ठेवलाय.

"अजून काही नाही," म्हणते.

"थंडी वाटते का?"

"नाही रे. कान मोठे झाल्यासारखे वाटतात. तू पेन खरडतोयस ते ऐकू येतंय."

थांबलो. पुन्हा लिहितो.

"आला."

"कसा आहे?"

तिची खुर्ची करकरते. मग, "ह्याच्या आधी काही नव्हतं असा."

"म्हणजे कसा? पांढरा? निळा?"

"रंग अजून व्हायचेत रे." हसते आहे. लहान मुलीसारखी हसते आहे. मीही हसतो आहे, का ते माहीत नाही. मी काचेला नाक लावून बघतो. नाक दिसतं.

"उठून चाल," मी म्हणतो.

पावलं. खुर्चीला गुडघा आपटल्याचा आवाज. "येतोय बरोबर."

मग थांबली.

"शेंडेफळा."

"काय गं?"

"त्याला माहीत नाहीये मी इथे आहे ते."

"बरं मग?"

"नको कळायला. माझं वाक्य बरोबर होतं, बघणारं कोणी"

दिवे लावले.

दिवे : पूर्ण

आजची चाचणी उत्तम झाली. मी एकट्यानेच घेतली. हॉल रिकामा होता.

वरचं वाचलं. लिहिण्याच्या नादात मी वाहवत जातो हे आता पक्कं कळलं. आधी एक वायरमन, मग एक ताई. ताईचं तर इतकं खरं वाटतं की ते पान मी दोनदा वाचलं. पण मला बहीण नाही. मी एकुलता एक. आई मला धाकटा म्हणते, हे खरं. का म्हणते ते कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"सवय," आई म्हणाली. मग म्हणाली, "कसली रे सवय?"

जेवायला तिने तीन ताटं मांडली होती. तिसऱ्याकडे बघत उभी राहिली.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही बाई." तिने ताट उचललं, कोरडंच होतं तरी पदराने पुसलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळाने पुन्हा काढून पुसलं. आमच्या घरी मधली खोली पाहुण्यांची आहे. पाहुणे मात्र कधी आल्याचं आठवत नाही. इस्त्री तिथे असते. आज ती कोमट होती.

असो. पुस्तिकेत घरच्या गोष्टी नकोत.

कार्यक्रमाबद्दल लिहायचं तर आवाजाबद्दल लिहिलं पाहिजे. निवेदन कोणा बाईंचं आहे, रेकॉर्डिंग तयारच आलं. मॅडम म्हणतात कंपनीने पाठवलं असेल. बाई कोणी का असेनात, असा आवाज मी ऐकलेला नाही. त्या "नुसता अंधार" म्हणतात तेव्हा अंधार खरंच जरा वाढतो. शेवटी, संगीत संपल्यावर, त्यांचं खासगी बोलणं चुकून राहून गेलंय : "शेंडेफळा, पाणी दे रे. घसा सुकला. आणि हे कापून टाक हं, नाहीतर शाळेच्या पोरांना ऐकू जाईल."

ते कापायचं होतं. हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. राहू दे म्हटलं.

दुसरा दिवस. आज उद्घाटन. बसेस आल्या. शाळेची मुलं ओळीने आत येताहेत, मी काचेतून बघतो आहे. गोंधळ असा की भिंती हलाव्यात. एक जण खुर्ची मागे पाडून पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन वेण्यांची एक मुलगी घुमटाकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी ठामपणे सांगते आहे, चूक असणार, पण काय ठाम. शिक्षक शुक शुक करताहेत. मॅडम पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. मागे वळून त्यांनी मला 'कर सुरू' म्हणून अंगठा वर केला.

बटणांवर बोटं ठेवून बसलोय. एवढ्या सगळ्यांना एकदम दिसणार. जे मला दिसत नाही ते.

उतरवतो.

अर्धे.

पायऱ्यांपुरते.

मुलं ओरडली, खुशीने. शिक्षकांनी दटावलं. आता खोकला. कोणीतरी खुदकन हसलं. कोणाचा तरी बूट पुढच्या खुर्चीला लागला.

बंद.

आवाज सुरू झाला. "विश्व सुरू झालं, सुरुवातीची धग निवली..."

खोकला थांबला. बूट थांबला.

कोणीतरी म्हणालं, "ते बघ."

मग सगळेच.

मग कोणीच नाही.

दिवे :

कार्यक्रम सुरू आहे. हॉल रिकामा आहे.

वाट बघितली, उद्घाटनाला कोणी आलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. पण हे वर लिहिलेलं वाचत बसलो. कोणी लिहायला सांगितलं होतं ते आठवत नाही. पहिल्याच ओळीत कोणी मॅडम आहेत. अक्षर माझं आहे. फार माणसं आहेत त्यात. एवढ्याशा जागेसाठी फार.

मघाशी बाहेर जाऊन आलो. अंगणात बसेस उभ्या आहेत, इंजिनं चालू. ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांशी बोलत होते. एकाने मला विचारलं, "साहेब, आम्हाला इथे कोणी बोलावलं?"

"कोणाला घेऊन आलात?" मी विचारलं.

"तेच तर," तो म्हणाला. "रिकाम्या बसेस कोण एवढ्या लांब आणेल?"

खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती. त्यावर खालच्या बाजूला, माझ्या कमरेच्या उंचीवर, बोटांनी काढलेली तोंडं होती, घरं होती, एक हत्ती होता. रेषा अजून ओघळत होत्या.

आत आलो. केबिनमध्ये बसलो. काचेत माझा तांबडा दिवा, माझं नाक.

त्या बाईंचा आवाज शेवटाकडे आला. पहिला तारा पेटला, तेव्हा त्याला बघणारं कोणीही नव्हतं. मग संगीत. मग संगीत संपलं.

"शेंडेफळा, पाणी दे रे. घसा सुकला."

"आणतो, ताई," मी म्हणालो.

म्हणजे उठलो होतो. पाण्याचा जग तिरपा करून ग्लास भरलासुद्धा होता. भरलेला ग्लास घेऊन दाराशी उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की हे मी कोणाला म्हणालो ते मला माहीत नाही. आणि हातांना माहीत आहे. किती भरायचा तेही माहीत आहे. काठोकाठ नाही, सांडते ती.

हॉलमध्ये ठार अंधार आहे. मधल्या रांगेत खुर्ची करकरली.

पाणी डाव्या हातात आहे. तांबड्या दिव्याचं बटण उजव्या हाताशी.